बाजार हा शब्द कोणाचा?

बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक शहराच्या मध्यवस्तीत, दुसरा शहापुरात. पहिला इंग्रजी अमलाखाली होता. दुसरा १९४८ पर्यंत सांगली संस्थानाच्या हद्दीत मोडे. दोहोंवर अंमल निराळा, पण माणसे दोन्हीकडे 'बाजारालाच' जात. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली शहराचे सरकारी नाव बेळगावी ठरले. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, यावरूनही या गावाने पुष्कळ वाद पाहिले. या साऱ्या फेरबदलांत एक शब्द मात्र जागचा हलला नाही. पाटी देवनागरीत असो वा कन्नड लिपीत, तीवरील 'बाजार' तोच राहिला. मराठी माणूस त्याला आपला समजतो, कन्नड माणूसही परका मानीत नाही, आणि उर्दू बोलणाऱ्याला तर तो घरचाच वाटतो. मग हा शब्द मुळात कोणाचा?

भाषाशास्त्रज्ञांचे उत्तर असे की, तो इराणचा. आजच्या फारसीतला 'बाजार' मध्ययुगीन फारसीत 'वाझार' असा होता. त्याच्याही मागे गेल्यास दोन अवयव हाती लागतात. पहिल्याचा अर्थ मोल किंवा किंमत. वैदिक संस्कृतातील 'वस्न' हा किंमत या अर्थाचा शब्द त्याचाच सगोत्र होय. दुसरा अवयव म्हणजे आपल्या परिचयाचा 'चर्' धातू. वनचर आणि चराचर या शब्दांत तो आहेच. सारांश, जेथे मोल चालते, मोलाचा व्यवहार होतो, ती जागा म्हणजे बाजार. लॅटिन भाषेत याच मुळापासून विक्रीचा वाचक शब्द निघाला आणि त्यातून इंग्रजीतील 'व्हेंडर' आला. कचेरीबाहेर बसणाऱ्या स्टँपव्हेंडरचे आणि खडेबाजाराचे असे दूरचे नाते आहे!

व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हा शब्द चहूकडे गेला. आर्मेनियात त्याचे 'वचार' झाले, हंगेरीत 'वाशार', मलायात 'पासार'. तुर्कांनी त्याला 'पाझार' केले, आणि बाजाराचा वार म्हणून रविवारालाही तेच नाव दिले. हंगेरियन भाषेतही रविवारास 'बाजाराचा दिवस' असेच म्हणतात. तेथे बाजारावरून वाराचे नाव पडले. बेळगावच्या रविवार पेठेत वारावरून बाजाराचे. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनीही हा शब्द उचलला. पोर्तुगीज भाषेत रुळलेल्या अशा आशियाई शब्दांचा माग गोव्याचे भाषापंडित सेबास्तिआँव रुदोल्फ दालगादो यांनी १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात काढून ठेवला आहे. लंडनमध्ये १८१६ साली 'सोहो बझार' निघाला, तो लष्करातील मंडळींच्या विधवा व मुली यांना हातच्या कामाच्या वस्तू विकता याव्यात म्हणून. तेव्हापासून इंग्रजीत या शब्दाला धर्मादाय विक्रीचा सोज्ज्वळ अर्थ चिकटला. फ्रेंचांनी मात्र त्याचा अर्थ 'गोंधळ, पसारा' असाही केला.

आपल्याकडे हा शब्द आला तो राज्यकर्त्यांबरोबर. चौदाव्या शतकात दक्षिणेत बहामनी सत्ता स्थापन झाली. १४७३ च्या सुमारास महमूद गवानने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे आदिलशाही आली, आणि दरबाराची फारसी लोकांच्या कानावरून जाऊ लागली. याचा अर्थ, त्यापूर्वी येथे खरेदीविक्री नव्हती असे नव्हे. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. रट्ट राजांच्या अमदानीतील १२०४ सालच्या शिलालेखात येथील व्यापाऱ्यांनी जैन बसदीला दिलेल्या दानांची नोंद आहे. शब्दही होते: संस्कृत 'हट्ट' यावरून आलेला हाट, कन्नडमधील संते, आणि कन्नड 'पेटे'शी नाते सांगणारी आपली पेठ. नव्या शब्दाने यांतील एकालाही हुसकावले नाही. मराठीने तर नवा आणि जुना शेजारी शेजारी बसवून 'बाजारहाट' असा जोडशब्द केला. त्यात फारसी आणि संस्कृत यांचा संसार कित्येक पिढ्या सुखाने चालला आहे.

त्याला घालविण्याचा प्रयत्न झालाच नाही, असेही नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. त्यात क्रयविक्रयाच्या शब्दांसाठी 'पण्यवर्ग' असे स्वतंत्र प्रकरणच आहे. कोशातील पुष्कळ शब्द दरबारी दप्तरात शिरले; लोकांच्या तोंडचा बाजार मात्र बाजारच राहिला. राजमुद्रा कागदावर उमटते. आठवड्याला भाजी घेणाऱ्या बाईच्या जिभेवर ती उमटवणे अवघड असते.

उलट, लोकांनी त्यावर आपलीच मुद्रा उठविली. फौजेमागच्या बिनलढाऊ गर्दीला बाजारबुणगे म्हटले, हाती नसलेल्या वस्तूवरून भांडणाऱ्यांना 'बाजारात तुरी' ही म्हण ऐकविली, हलक्या गोष्टीला बाजारू ठरविले. अलीकडे आमदारांची ओढाताण सुरू झाली की, घोडेबाजार आठवतो. या अर्थांत एक सूक्ष्म तिरस्कार आहे. मोल होऊ नये अशा गोष्टीचे मोल झाले, ही त्यामागची तक्रार.

पण ज्याचे मोल व्हायलाच हवे, त्याचे न झाले तर? बेळगाव जिल्ह्यातील निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. तेथे १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी हमरस्ता अडविला. मालाची किंमत व्यापारी ठरवी आणि पिकविणारा ती निमूटपणे घेई. हा क्रम मोडावा, एवढेच मागणे होते. आंदोलनाची अखेर पोलिसांच्या गोळीबारात झाली आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते, तसेच कन्नड बोलणारेही. बाजार या शब्दाच्या पोटातील 'मोल' हा मूळ अर्थ कोशकारांनी फार मागे जाऊन शोधला. निपाणीच्या शेतकऱ्याला तो शोधावा लागला नाही.

शब्द जन्माला इराणात आला, हे खरे. पण जन्म कोठे झाला यावरून एखाद्याला परका ठरवावयाचे, तर खडेबाजारातील किती दुकाने उघडी राहतील? आजही तेथे गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार कन्नडात आत माल मागतो, हिशेब कधी या भाषेत होतो, कधी त्या. आणि पिशवी भरली की दोघेही म्हणतात, बाजार झाला.