ईदच्या दुपारचा खेळ

सिनेमाच्या इतिहासात नटनट्या येतात, दिग्दर्शक येतात. ईदच्या दुपारी घराला कुलूप लावून मुलाबाळांसह थिएटरकडे निघालेल्या कुटुंबाची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. शिवाय आमच्या समाजाबद्दल समज असा की, सिनेमा वर्ज्य आणि बायका पडद्यात. चांद्याच्या मोहल्ल्यात वाढलेल्या आम्हाला तो अर्धाच खरा वाटतो. वर्षभर सिनेमाला नाक मुरडणारे बुजुर्ग त्या दुपारी गप्प बसत.

मुलांची ईद चाँदरातीलाच सुरू होई. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, पिठाची खळ. चाँद-तारे कापायचे, पताका सुतळीला चिकटवायच्या, कंदील बांधायचा. हा जंगलाचा मुलूख. बल्लारपूरची कागद गिरणी ज्या बांबूवर उभी राहिली, त्याचा आम्हाला काय तोटा! मोहर्रमचे ताजिये बांधणाऱ्यांच्या शेजारी बसून ही बोटे शिकलेली. सकाळी ईदगाह, मग शिरखुर्मा, हातात ईदी, आणि दुपारी खेळ. 1987-88 मध्ये ईद मे महिन्यात आली. चांद्याच्या त्या उन्हात थिएटरचा अंधारही सुखाचा वाटला.

‘चौदहवीं का चाँद’ (1960), ‘मेरे मेहबूब’ (1963) यांसारख्या चित्रपटांनी घरच्यांना सबब दिली. ‘आपल्यातलंच आहे, अदब आहे,’ असे अम्मीने म्हटले की अब्बांचा विरोध मावळे. खरे पाहता त्यातली नवाबी आमच्यात कुठे होती? आमच्याकडे कोळशाच्या खाणी, आरागिरण्या, तेंदूपत्ता. पडद्यावर असा मुसलमान क्वचितच दिसला. आणि बायकांनी सिनेमा पाहावा की नाही, हा वाद घालणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते की, 1926 साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा पऱ्यांचा चित्रपट फातमा बेगम या बाईनेच दिग्दर्शित केला होता. तिची मुलगी जुबेदा ‘आलम आरा’ची (1931) नायिका. मुलांसाठी सरकारने 1955 साली बालचित्र समिती काढली, 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा एकही चित्रपट आम्ही ईदला पाहिल्याचे आठवत नाही.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिकडच्या आमच्या नातलगांचा सणाचा खेळ दुपारचा नव्हे, रात्रीचा. आणि सिनेमाचा नव्हे, नाटकाचा. दिवाळीनंतर वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, मंडई, रात्रभर नाटक. थंडीत घोंगडी पांघरून अख्खे घर बसते, त्यात आमची माणसेही. 2005 साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या, तेव्हा पोरांना दोन्ही मिळाले.

आमच्या खाला ईदनंतर कंदिलावरचा कागद सोडवून कामट्यांचा सांगाडा माळ्यावर ठेवीत. दिवाळीला शेजारची मुले तो मागायला येत, नवा कागद चढवून आकाशकंदील म्हणून लावीत, आणि बहुधा मोडूनच परत करीत.