प्रिन्स ऑफ पर्शिया आणि चुकीची किंमत

(भिवंडीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे उभ्या असलेल्या मुलांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. व्हिडिओ गेमवर व्याख्यान ठेवलंय हे कळल्यावर एका काकांनी मला दारातच विचारलं, "अहो, याला इतिहास असतो का?" असतो काका. निदान या एका खेळाला तरी नक्की आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावर, पुण्यात घडलेलं आहे.

सभागृहात चाळिशीच्या पुढचे किती जण आहेत? बरं. त्यातल्या किती जणांनी काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' असं टाइप करून एंटर दाबलंय? (हात वर होतात.) बघा, म्हणजे मी एकटा नव्हतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लास म्हणजे एका गाळ्यात चार मशीन, चपला बाहेर काढायच्या, आणि भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. फी भरायची डॉस आणि वर्डस्टार शिकायला, पण सर चहाला गेले की फ्लॉपी बाहेर निघायची. ती फ्लॉपी कुणी विकत घेतलेली नसायची, हे वेगळं सांगायला नको. आता गंमत अशी, की पहिला मजला संपला की खेळ विचारायचा, पुस्तिकेच्या अमुक पानावर अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? त्या अक्षराची बाटली प्यायची. आमच्याकडे पुस्तिका कुठली! मग वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहून ठेवलेली असायची, आणि ती वही ज्याच्याकडे तो क्लासचा राजा.

खेळ काय होता? राजा लढाईवर गेलाय, वजीर जाफर राजकन्येला कोंडतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवतो. एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. आपण तळघरातला कैदी. बारा मजले, साठ मिनिटं. जमिनीवरच्या एका फरशीवर पाय पडला की दार उघडतं, दुसरीवर पडला की बंद होतं, तिसरी पायाखालून निसटते. तर पळण्या-उड्या मारण्याचा खेळ आणि कोडं, दोन्ही एकत्र. कोणत्या फरशीवर आधी, कुठून उडी, दार बंद व्हायच्या आत पोहोचता येतं का, हे डोक्यात बांधून मग पळायचं.

पण आज मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. हा खेळ तुमच्या चुकीचं काय करतो? 1989 साली उत्तर कडक होतं. खाली पडलात, मेलात, मजला पहिल्यापासून. आणि घड्याळ मात्र मागे जात नाही. तुम्ही दहा वेळा मेलात तर त्या दहाही वेळांचा वेळ त्या साठ मिनिटांतूनच कापला जातो. त्यात आपल्या भिवंडीत लाईट जायची. अकराव्या मजल्यावर बेचाळीस मिनिटं झालीत आणि दिवे गेले, पलीकडचे माग एकदम गप्प झाले, ती शांतता ज्याने अनुभवलीय त्याला चुकीची किंमत म्हणजे काय ते मी सांगायला नको.

हे सगळं बनवलं कुणी? जॉर्डन मेक्नर नावाच्या एका तरुणाने. येल विद्यापीठात शिकता शिकता त्याने 'कराटेका' नावाचा खेळ केला, तो 1984 साली आला आणि चालला. 1985 मध्ये त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि मोकळ्या पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला सांगून व्हिडिओ काढला. मग तो व्हिडिओ टीव्हीवर थांबवून थांबवून एकेका क्षणाचा फोटो, ते फोटो धुवून आणायचे, आकृती काळ्या-पांढऱ्यात रंगवून काढायची आणि मग कॉम्प्युटरमध्ये घालायची. तलवारबाजी तर 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातून, एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातल्या मोजक्या सेकंदांतून उचललेली. म्हणून तो माणूस खरा वाटायचा. धावता धावता थांबताना घसरायचा, वजन असल्यासारखा पडायचा. त्या काळातले बाकीचे नायक रबराच्या चेंडूसारखे उडत होते, हा माणसासारखा पडून मरत होता. चूक लागायची ती त्यामुळे. संगीत वडिलांनी दिलं, फ्रान्सिस मेक्नर यांनी, जे पेशाने मानसशास्त्रज्ञ. म्हणजे अख्ख्या घराला कामाला लावलं पोराने.

खेळ तयार झाला ॲपल टू या मशीनवर, आणि 1989 उजाडेपर्यंत ते मशीनच म्हातारं झालेलं. मेमरी संपलेली. शत्रू हवा होता, पण त्याची चित्रं ठेवायला जागा नाही. तेव्हा मेक्नरने नायकाचीच चित्रं घेतली, त्यांच्यावर गणिताची एक छोटी क्रिया केली आणि त्यातून झिलमिलणारी काळसर आकृती निघाली. हाच तो सावलीमाणूस. चौथ्या मजल्यावर आरसा लागतो, आपण त्यातून उडी मारतो आणि आपली सावली पलीकडे पळून जाते. पुढे ती आपली बाटली पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावते. शेवटी समोरासमोर येते. तिला वार केला की जखम आपल्यालाच होते. मारलं तर आपण मरतो. मग काय करायचं? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. आमच्या क्लासमध्ये हे शोधायला कितीतरी दिवस गेले. सगळा खेळ शिकवतो मारायला, आणि सगळ्यात अवघड कोडं सुटतं न मारण्याने. मी तर म्हणेन, कोड्याच्या खेळांत याच्याइतकी साधी आणि खोल जागा फार नाही. आणि ती आली कुठून, तर मेमरी संपली म्हणून!

1993 मध्ये दुसरा भाग आला, मोठा होता, रंगीत होता. 1999 साली त्रिमिती भाग आला आणि आपटला. या दोघांवर वेळ घालवत नाही.

2003 हे वर्ष महत्त्वाचं. हक्क घेतले यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने, काम झालं कॅनडात, मॉन्ट्रियलला. पॅट्रिस देझिले सर्जनाचा प्रमुख, कथा लिहायला खुद्द मेक्नर. 'द सँड्स ऑफ टाइम'. इथे नायकाच्या हातात एक खंजीर येतो, त्यात वाळू. चुकलात, दरीत पडलात, तर एक बटण दाबून धरायचं आणि काही सेकंद उलटे फिरतात. पडलेला माणूस उलटा वर येतो, कठड्यावर उभा राहतो, आता नीट उडी मार. इथे मागवाले बसलेत, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. आडवा धागा तुटला की माग थांबवायचा, हाताने मागे फिरवायचा, जिथे बिघडलं त्या जागेवर यायचं आणि पुन्हा चालू. नाही फिरवलं तर दोष कापडात तसाच जातो. पण खेळांच्या जगात हे मोठं होतं. वाळू मात्र मोजकी. माफी आहे, पण रेशनवर.

त्याहून हुशारी दुसरीच आहे. सगळी कथा राजपुत्र स्वतः कुणाला तरी सांगतोय. वाळू संपली आणि तुम्ही मेलात, की त्याचा आवाज येतो, छे छे, असं नव्हतं झालं, पुन्हा सांगतो. म्हणजे मरण हे मरण राहिलंच नाही, सांगणाऱ्याची जीभ घसरली एवढंच. आपले कीर्तनकार भरकटले की जसे आख्यानावर परत येतात, तसं.

आणि ही गोष्ट सुरू कुठे होते? हिंदुस्थानात. पर्शियाची फौज एका महाराजाचा महाल लुटते, त्या लुटीत हा खंजीर आणि वाळूचं घड्याळ जातं. नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यानंतर 2004 आणि 2005 मध्ये दोन भाग आले. याच मालिकेचा म्हणून सुरू केलेला एक प्रकल्प वेगळा होत होत 2007 साली 'असॅसिन्स क्रीड' झाला, आणि पोराने बापाचं दुकान बसवलं. 2008 चा प्रिन्स तर मरतच नाही. पडला की एलिका नावाची सोबतीण हात धरून वर काढते. पुष्कळांनी नाकं मुरडली, मरण नाही तर खेळ कसला? मला स्वतःला तो भाग आवडतो, पण सावलीमाणसाचा धसका ज्याने खाल्लाय त्याला तो मऊच लागणार. त्याच वर्षी जोनाथन ब्लोचा 'ब्रेड' आला. त्यात वेळ मागे नेण्यावर बंधनच नाही, हवी तितकी माफी, आणि तरी कोडी डोकं फोडायला लावणारी. चूक फुकट केली म्हणून खेळ सोपा होत नाही, हे त्याने दाखवलं.

आता पुणं. गेमलॉफ्ट कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ 2008 मध्ये यूबीसॉफ्टने घेतला. आपली मराठी मुलंमुली तिथे नोकरीला लागली. काम बहुतेक हातभाराचं, दुसरीकडे ठरलेला खेळ इथे पुरा करायचा. मजुरीवर कापड विणून देण्यासारखंच म्हणा ना. सूत मालकाचं, कापड मालकाचं, विणणारे आपण. 2018 मध्ये मुंबईतही स्टुडिओ निघाला. आणि 10 सप्टेंबर 2020 रोजी जाहीर झालं, 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनतोय आणि तो पुणे आणि मुंबई बनवतायत. ज्या महालातून खंजीर पळवला गेला तो महाल आता महाराष्ट्रात उभा राहणार होता. मला खरंच भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण झलक आली आणि जगभर टर उडाली. चेहरे जुनाट, रंग फिके. टीका अगदीच खोटी होती असं नाही. पण लोक तुलना करत होते ती 2003 च्या खेळाशी नव्हे, आपल्या आठवणीतल्या खेळाशी, आणि आठवणीत सगळंच जास्त देखणं असतं. बाजारात यायची तारीख होती 21 जानेवारी 2021. ती मार्चवर गेली, मग बेमुदत. मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिलं. ज्या खेळाने जगाला मागे फिरून पुन्हा उडी मारायला शिकवलं, तो बनवणाऱ्यांना दुसरी उडी मिळाली नाही. मॉन्ट्रियलचाही 1999 सारखा भाग आपटला असता तर? अपयश पचवायला जे बळ लागतं ते मालकाकडे असतं, मजुरीवर विणणाऱ्याकडे नाही.

त्याच 2020 मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा स्वतःचा खेळ आणला. त्यातली चढाई, भिंतीवरून धावणं पाहिलं की ही मंडळी कोणता खेळ खेळत मोठी झाली ते कळतं. त्यातही उणिवा आहेत. पण चुका त्यांच्या स्वतःच्या आहेत.

2024 च्या जानेवारीत 'द लॉस्ट क्राउन' आला, फ्रान्समधल्या माँपेलिये इथल्या स्टुडिओचा. पुन्हा बाजूने दिसणारा, पहिल्यासारखा. नायक सार्गोन, संवाद फारसीतही ऐकता येतात. त्यात एक सोय मला फार आवडते. एखादं कोडं आत्ता सुटत नसेल तर त्या जागेचा फोटो काढून नकाशावर टोचून ठेवायचा, पुढे ताकद आली की परत यायचं. खेळाचं कौतुक झालं, तरी पुढे तो चमूही पांगवला गेला. म्हणजे फक्त आपल्याच वाट्याला हे येतं असं नाही, एवढं समजून घेऊ.

आणि एक सांगतो, खास इथल्या कॉलेजातल्या मुलांसाठी. मेक्नरकडून 1989 चा मूळ कोड हरवला होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचा डबा सापडला. जाणकारांनी बसून त्या वाचल्या, आणि मेक्नरने तो सगळा कोड इंटरनेटवर कुणालाही बघायला ठेवून दिला. ज्या खेळाची पुस्तिका आमच्याकडे नव्हती त्याचा आता अख्खा ताणाबाणा तुमच्या मोबाईलवर उघडतो. सावलीची ती आकृती कशी काढली तेवढा भाग शोधा. नाही कळला तर मला येऊन विचारा, आपण मिळून बसू.

थांबतो. प्रश्न घेऊया. काका, सुरुवात तुम्हीच करा.