राजाज्ञा आणि प्रजेची भाषा

ज्याच्यावर खटला चालतो त्यालाच आपल्याविरुद्ध काय बोललें जात आहे हें कळूं नये, यापरतें दैन्य कोणतें? चौदाव्या शतकांतील इंग्लंडमध्यें सामान्य प्रजेची हीच स्थिति होती. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं तो देश जिंकल्यावर दरबारांत फ्रेंच शिरली, कालांतरानें न्यायालयांतील वादविवादहि तिच्यांतच होऊं लागले, आणि दफ्तर राहिलें लॅटिनमध्यें. ही भाषा प्रजेस उमगत नाहीं असें स्पष्ट नमूद करून तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १३६२ सालीं, वादविवाद इंग्रजींत व्हावे असा कायदा झाला. मौज ही, कीं, तो कायदाच फ्रेंचमध्यें लिहिलेला होता! दफ्तराची लॅटिन तर त्यानें कायमच ठेविली.

१६५० मध्यें प्रजासत्ताकाच्या पार्लमेंटानें सारें कामकाज इंग्रजींत आणिलें. १६६० मध्यें राजा परतला आणि ती सुधारणा लयास गेली. अखेर १७३१ सालीं नवा कायदा होऊन तो मार्च १७३३ पासून अमलांत आला. त्याची दृष्टि अधिक खोल होती. कोर्टाचे कारकून घाईच्या मोडीसारखें एक दुर्बोध वळण गिरवीत. तें जाणत्यासच लागे. म्हणून भाषा इंग्रजी असावी एवढेंच सांगून तो कायदा थांबला नाहीं. अक्षर नेहमींचें व सुवाच्य असावें, शब्द पुरते लिहावे, असें बजावून त्यानें मोडणारास पन्नास पौंड दंड ठेविला. परंतु लवकरच दुसऱ्या कायद्यानें रूढ संक्षेप व लॅटिन संज्ञा यांना पुन्हा वाट मोकळी करून दिली.

भाषा स्वतःची झाली तरी सुबोध होतेच असें नाहीं. १९४८ सालीं ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनीं सरकारी नोकरांसाठीं 'प्लेन वर्ड्स' हें पुस्तक लिहिलें, तेव्हां प्रश्न परभाषेचा नव्हताच. इंग्रजी पत्रेंच इंग्रजांना जड जात होतीं. अमेरिकेंत तर १३ ऑक्टोबर २०१० रोजीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीनें कायदाच झाला, कीं, कर कसा भरावा, सवलत कशी मिळवावी, हें मध्यवर्ती सरकारच्या खात्यांनीं लोकांस समजेल असें लिहावें. मात्र तो मोडल्यास न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं, असेंहि त्यांतच म्हटलें आहे. १७३१ च्या कायद्यास दंडाचें बळ होतें. याला तें नाहीं.

महाराष्ट्रानें १९६४ च्या कायद्यानें मराठीस राजभाषेचें स्थान दिलें. इंग्लंडचा इतिहास सांगतो, कीं, ही अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी तेव्हांच सरते, जेव्हां कागद हातीं आलेला मनुष्य दुसऱ्यास न विचारतां त्याचा अर्थ लावूं शकतो.