पीसीओडीच्या रक्ततपासण्या आल्या कुठून?

पाळी दोन-तीन महिने लांबते, हनुवटीवर जाड केस येतात, मुरुमे काही केल्या थांबत नाहीत. तुम्ही डॉक्टरकडे जाता आणि हातात तपासण्यांची चिठ्ठी पडते: टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन, कधी एएमएच, कधी इन्सुलिन. लॅबमध्ये सकाळी रक्त दिले की पुढे रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि घरात काळजी सुरू होते. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर जास्तच.

यातली प्रत्येक तपासणी कोणत्या तरी काळात कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झाली. काही प्रश्न आजही महत्त्वाचे आहेत, काही मागे पडले, पण तपासण्या मात्र चिठ्ठीवर राहिल्या. हा इतिहास माहीत असेल, तर कोणत्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे हे तुम्हालाही कळेल.

रक्ततपासणी नव्हती तेव्हा

१७२१ मध्ये इटलीतील वैद्यक-निसर्गशास्त्रज्ञ अँटोनियो वॅलिस्नेरी यांनी एका तरुण, विवाहित शेतकरी स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले. अंगाने थोडी स्थूल, मूल न झालेली, आणि अंडाशय मोठे, पांढरट, कबुतराच्या अंड्यांसारखे. पीसीओडीचे हे सर्वात जुन्या वर्णनांपैकी एक मानले जाते.

आजाराला ओळख मिळाली ती १९३५ मध्ये. शिकागोचे डॉ. आयर्विंग स्टाइन आणि डॉ. मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, काहींच्या अंगावर जास्त केस, आणि दोन्ही अंडाशय मोठे झालेले. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. पोटात वायू भरून एक्स-रे काढत आणि खात्री करायला पोट उघडत. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. त्यानंतर सर्वांची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले.

डोळ्यांना अंडाशय दिसला म्हणून आजाराला नाव अंडाशयाचे मिळाले. 'सिस्ट' हा शब्दही तेव्हापासून चिकटला. खरे तर सोनोग्राफीत दिसणारे ते बारीक ठिपके म्हणजे गाठी नव्हेत. ती वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटके असतात. 'अंडाशयात गाठी झाल्या' हे ऐकून कॅन्सरची धास्ती घेऊ नका.

लघवी, उंदीर आणि वाट पाहणे

हार्मोन्स मोजायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. रक्तात ते इतके कमी असतात की त्या काळच्या रसायनशास्त्राच्या हाती लागत नसत. म्हणून चोवीस तासांची लघवी गोळा करायची. तिच्यात रंग बदलणारी रसायने घालून पुरुषी हार्मोन्सच्या अवशेषांचा अंदाज घ्यायचा, किंवा तिचा अर्क उंदरांच्या लहान माद्यांना टोचून त्यांच्या गर्भाशयाचे वजन किती वाढले ते बघायचे. अशाच लघवीच्या तपासण्यांमधून १९५८ मध्ये डॉ. जॅनेट मॅकआर्थर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या स्त्रियांमध्ये एलएच हे हार्मोन जास्त असते. दोष फक्त अंडाशयात नाही, मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीकडून येणाऱ्या संदेशातही बदल आहे, हे इथे पहिल्यांदा समोर आले. पण ही पद्धत रोजच्या दवाखान्यात वापरण्याजोगी नव्हती.

एसटीतल्या जागा आणि इन्सुलिन

चित्र पालटले १९६० मध्ये. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यालो आणि डॉ. सॉलोमन बर्सन यांनी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत मांडली. कल्पना सोपी आहे. समजा, नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या एसटीत जागा ठरावीक आहेत. टोपी घातलेले प्रवासी किती सोडले ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्यात बिनटोपीचे अनोळखी प्रवासी मिसळले. बस भरल्यावर फक्त टोप्या मोजायच्या. टोप्या कमी दिसल्या, तर अनोळखी प्रवासी जास्त आले होते हे उघड आहे. इथे बस म्हणजे प्रतिपिंड, टोपी घातलेला प्रवासी म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन लावलेले हार्मोन, आणि बिनटोपीचा म्हणजे तुमच्या रक्तातले हार्मोन.

या पद्धतीने मोजलेले पहिले हार्मोन होते इन्सुलिन. पीसीओडीशी त्याचा संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. दोघांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, म्हणून तो जगभर पसरला. १९७७ मध्ये यालो यांना नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

महाराष्ट्रात या तंत्राला घर मिळाले ते मुंबईत. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले होते. किरणोत्सर्गी आयोडीन हाताळणारे लोक आपल्याकडे होतेच. पुढे थायरॉइडसारख्या हार्मोन्सच्या तपासणीचे किट अणुऊर्जा विभागाने देशातच तयार केले. आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्सर्ग वापरत नाहीत, रसायनातून निघणारा प्रकाश मोजतात. पण तुमच्या टीएसएचच्या आकड्यामागे तत्त्व प्रतिपिंडांचेच आहे.

एलएच आणि एफएसएचचे गुणोत्तर

रक्तातले हार्मोन मोजता येऊ लागल्यावर १९७० मध्ये डॉ. सॅम्युएल येन यांच्या गटाने पीसीओडीत एलएच आणि एफएसएच यांचा ताळमेळ बिघडतो हे दाखवले. तिथून 'गुणोत्तर दोन किंवा तीनच्या वर म्हणजे पीसीओडी' हा ठोकताळा रूढ झाला. अडचण अशी की एलएच रक्तात सतत सारखे वाहत नाही, तासा-दीड तासाने ठोक्याठोक्याने येते. सकाळी नऊचा आणि दहाचा आकडा वेगळा निघू शकतो. शिवाय अनेक पीसीओडी रुग्णांत हे गुणोत्तर नेहमीसारखेच असते. म्हणून १९९० नंतरच्या कोणत्याही प्रमुख निकषांत ते नाही. ते बिघडलेले दिसले म्हणून घाबरू नका, आणि ठीक आले म्हणून आजार नाही असेही समजू नका. एफएसएच मात्र उपयोगी आहे. पाळी थांबण्याचे कारण अंडाशय लवकर थकणे हे तर नाही ना, ते त्यातून कळते.

टेस्टोस्टेरॉन मोजणे अवघड का?

स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात टेस्टोस्टेरॉन ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी असते. पुरुषांत ते कितीतरी पट जास्त. नेहमीच्या यंत्रांना मोठे आकडे नीट वाचता येतात, इतक्या खालच्या पातळीवर ती चुकतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने याबद्दल स्पष्ट इशारा दिला. मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत जास्त अचूक आहे. बऱ्याच ठिकाणी एकूण टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी हे प्रथिन मोजून 'मोकळे' टेस्टोस्टेरॉन हिशेबाने काढतात.

इथे तुमचाही वाटा आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा आकडा खाली दिसतो. तपासणी खरी हवी असेल तर गोळ्या किमान तीन महिने बंद असाव्या लागतात, आणि तेही डॉक्टरांना विचारून. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे चुकीचे येतात.

इन्सुलिन पुन्हा येते

१९२१ मध्येच पॅरिसच्या अशार आणि थियर्स यांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असे वर्णन केले होते. पण धागा जुळला १९८० मध्ये. अमेरिकेतील मेम्फिस येथे बर्घन, गिव्हन्स आणि किताबची यांनी दाखवले की पीसीओडीत इन्सुलिन जितके जास्त, तितके पुरुषी हार्मोनही जास्त. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त बनते, आणि जास्त झालेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावते. वजन जास्त नसले तरी हे घडते, हेही पुढे सिद्ध झाले.

आपल्यासाठी हे महत्त्वाचे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. 'मी तर बारीक आहे, मला साखर कशी होईल?' असे म्हणणाऱ्या प्रत्येकीने हा फोटो आठवावा.

म्हणून पीसीओडीचे निदान झाले की साखरेची तपासणी टाळू नका, वय आणि वजन काहीही असो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी सर्वात नेमकी. उपाशीपोटीचे इन्सुलिन मात्र नेहमीच्या उपचारासाठी लागत नाही. त्याचे आकडे लॅबनुसार बदलतात आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत.

एकाच मुली, दोन आकडे

१९९०, २००३ (रॉटरडॅम) आणि २००६ असे निदानाचे तीन निकष आले. रॉटरडॅम निकषात तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणे किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफीतले अंडाशय. २००६ च्या निकषात पुरुषी हार्मोनचा पुरावा हवाच.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रॉटरडॅम निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओडी निघाला, २००६ च्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, व्याख्या वेगळी. म्हणजे अर्ध्याहून जास्त मुलींवर शिक्का बसणार की नाही, हे निकषावर अवलंबून होते.

म्हणूनच पाळी सुरू होऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलीबाबत घाई नको. त्या वयात पाळी मागेपुढे होणे आणि सोनोग्राफीत भरपूर ठिपके दिसणे दोन्ही सामान्य असू शकते. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे आजचे मार्गदर्शन आहे.

एएमएच: नवी तपासणी, जुनी सावधगिरी

एएमएच हे हार्मोन मुळात गर्भातल्या मुलग्याच्या वाढीचा अभ्यास करताना सापडले. फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांवर हे काम केले. स्त्रीमध्ये ते बारीक बीजपुटकांतून येते, म्हणून पीसीओडीत वाढते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच चालेल असे सांगितले. पण किशोरवयीन मुलींत नाही, आणि एकट्या एएमएचवरून तर कधीच नाही.

चिठ्ठी हातात घेताना

आजच्या चिठ्ठीवर मोजके तीन प्रश्न असतात. पहिला, दुसरा आजार पीसीओडीसारखा भासत नाही ना? त्यासाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि गरजेनुसार सकाळचे १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. दुसरा, पुरुषी हार्मोन वाढले आहेत का? लक्षणे स्पष्ट असतील तर हे रक्त न तपासताही कळते. तिसरा, साखर, कोलेस्टेरॉन आणि रक्तदाब कसे आहेत? पुढच्या तीस वर्षांचे आरोग्य या तिसऱ्या प्रश्नावर ठरते, आणि नेमका तोच अनेकदा राहून जातो.

मोठ्या पॅकेजवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, 'या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलणार?' आणि मुलीच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' लिहिले म्हणून तिला मूल होणार नाही असा अर्थ कुणी काढत असेल, तर त्याला स्टाइन यांच्या काळातच अडकलेला समजा. पीसीओडी असलेल्या बहुतेक स्त्रिया आई होतात, काही औषधाने, काही औषधाविना. लग्नाच्या बोलणीत हा रिपोर्ट भीतीचे कारण होऊ नये. वर्षातून एकदा साखर तपासण्याची आठवण म्हणून तो कपाटात ठेवा.