डोंगर आपला, यंत्र कोणाचे?

पुण्याहून नगरकडे येताना सुप्याजवळ डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागतात. वाऱ्यापासून वीज होते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मला मात्र दर खेपेला वेगळाच प्रश्न पडतो : वारा आपला, डोंगर आपला, पण हे यंत्र घडवले कोणी?

१९८६ मध्ये ओखा, तुतिकोरिन आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर देशातील पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले. यंत्रे डेन्मार्कची, जेमतेम ५५ किलोवॉटची. चार-दोन यंत्रांसाठी इथे कारखाना कोण काढणार?

पुढे सरकारने घसाऱ्याची भरघोस करसवलत दिली. २००३ मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि नंतर दरवर्षी १५ पैसे वाढ, असा दर बांधून दिला. गिऱ्हाईक पक्के झाले, तसा देशी कारखानदारीला जोर आला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सुझलॉनने तर २००६ मध्ये गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची हॅन्सन कंपनीच विकत घेतली! जर्मनीच्या एनरकॉनचा भागीदारीतला कारखाना दमणला होता. आपल्या जिल्ह्यातील खांडके येथे टाटा पॉवरचा ५०.४ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, तो एनरकॉनच्या यंत्रांवर.

पण त्याच सुमारास जर्मन आणि भारतीय भागीदारांचे बिनसले. तंत्रज्ञान कोणाचे, हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; न्यायालयाने २०१४ मध्ये तो लवादाकडे सोपवला. विंड वर्ल्ड असे नवे नाव घेतलेली भारतीय कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. कारखाना इथे असला, तरी विद्या उसनी होती.

दुसरा धक्का २०१७ चा. ठरावीक दर जाऊन लिलाव आले आणि भाव युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. वीज स्वस्त झाली, हे चांगलेच. पण आधीच्या वर्षी साडेपाच हजार मेगावॉटची भर पडली होती, ती पुढच्या वर्षी दोन हजारांच्याही खाली आली. मोठ्या कंपन्यांनी तग धरला. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराने कामगारांचा पगार कुठून द्यावा?

म्हणून मला वाटते, नुसती मागणी वाढून भागत नाही. मागणीने कारखाना येतो. तो टिकतो सातत्यावर आणि स्वतःच्या विद्येवर. सुप्याची जुनी यंत्रे आज ना उद्या उतरवावी लागतील. त्यांच्या जागी येणाऱ्या यंत्राचा आराखडा तरी आपला असावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)