आगबोटीवरील छायाचित्र

महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेस निघाले, त्या वेळची आगबोटीवरील छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पुस्तकांतून पाहिली असतील. बोटीचे नाव 'राजपुताना'. ती ता. २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून सुटली आणि ११ सप्टेंबरला गांधीजी फ्रान्सात मार्सेलिसला उतरले. सावरकरांनी १९१० साली समुद्रात उडी घेतली, तेच हे बंदर. सुमारे दोन आठवडे चहूंकडे पाणीच! इंदापूरकडे आपणांस उजनीचे पाणी समुद्रासारखे वाटते, पण त्याला पैलतीर तरी दिसतो.

त्याच बोटीने सरोजिनी नायडू, पंडित मदनमोहन मालवीय, मीराबेन, महादेवभाई देसाई, प्यारेलाल व देवदास गांधी ही मंडळी गेली. गांधीजी दुसऱ्या वर्गाने गेले. ते बराच वेळ डेकवरच असत. तेथेच सूत काढीत, तेथेच प्रार्थना होई. आपल्या मंडळींनी बरोबर पेट्या फार घेतल्या, हे पाहून ते रागावले व जादा सामान त्यांनी एडनहून परत पाठविले.

चित्रात ही थोर माणसे दिसतात. परंतु प्रपंच करणाऱ्या बाईच्या मनात निराळेच येते. इतक्या माणसांचे रोजचे जेवण कोणी रांधले? भांडी कोणी घासली? डेक कोणी धुतला? ही बोट पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीची. तिच्या बोटींवर स्वयंपाकी व वाढपी बहुधा गोव्याचे असत. खलाशांत व खाली इंजिनाच्या उष्णतेत राबणाऱ्यांत आपल्या देशातील लोकांचाच भरणा असे. त्यांच्या पगारावर गावाकडे चूल पेटे, आणि मुलांना महिनेन् महिने बापाचे तोंड दिसत नसे. प्रवाशांची नावे इतिहासात आली, यांची आली नाहीत.

पुढे महायुद्धात 'राजपुताना' लढाईच्या कामी घेतली गेली. ता. १३ एप्रिल १९४१ रोजी जर्मन पाणबुडीने ती आइसलँडजवळ बुडविली.

आपल्या मंडळांतही असेच घडते. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण ओळीने उभ्या राहून फोटो काढतो. आत चहा गाळणारी व सतरंज्या झटकणारी त्यात येत नाही. बारामती असो वा इंदापूर, कार्यक्रम तिच्याच हातांवर पार पडतो. तरी यंदा फोटोच्या आधी आतल्या भगिनींना हाक मारावी आणि खाली त्यांचीही नावे छापावीत, एवढी माझी सर्वांना विनंती आहे.