तोंड येईपर्यंत पारा

उपदंश किंवा गरमी या रोगावर पारा देण्याची पद्धत युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि विसाव्या शतकापर्यंत टिकली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या फौजेने 1495 मध्ये नेपल्स घेतले. तिथून परतलेल्या सैनिकांबरोबर हा रोग युरोपभर गेला. अंगावरचे पुरळ आणि चट्टे हे त्याचे उघड दिसणारे लक्षण. खरूज आणि उवांसाठी पाऱ्याचे मलम अरबी वैद्यकातून आधीच आलेले होते, तेच या रोगावर चोळले गेले. यापेक्षा खोल विचार त्यामागे नव्हता.

डुकराच्या चरबीत पारा घोटून मलम करत, ते रोग्याच्या अंगाला चोळत आणि त्याला तापवलेल्या बंद खोलीत गुंडाळून ठेवत. हे काही आठवडे चाले. लवकरच हिरड्या सुजत, तोंड येई, दात हलू लागत आणि लाळ अखंड गळे. ही पाऱ्याची विषबाधा. तेव्हाच्या वैद्यांना मात्र त्यातच गुण दिसे, कारण दूषित द्रव बाहेर पडला की रोग जातो ही ग्रीक परंपरेची शिकवण होती. दिवसाला दीड लिटरच्या आसपास लाळ पडली की औषध लागू पडले असे मानत. विषबाधा हाच गुणाचा पुरावा मानला गेल्यावर शंका घेणाऱ्याचे कोण ऐकणार?

तरी तक्रार झाली, आणि ती रोग्याकडून. जर्मन लेखक उल्रिख फॉन हुटेन याने हा उपचार अकरा वेळा सोसला होता. 1519 च्या पुस्तकात त्याने त्या उपचारातले हाल वर्णिले आणि वेस्ट इंडीजहून येणाऱ्या ग्वायकम लाकडाच्या काढ्याची भलामण केली. स्वतः बरा झाल्याचे त्याने लिहिले खरे, पण 1523 मध्ये तो याच रोगाने वारला. स्विस वैद्य पॅरासेल्सस याने 1529 मध्ये ग्वायकमवर हल्ला चढवला. या लाकडाच्या व्यापारात ऑग्सबर्गच्या धनाढ्य फुगर घराण्याचे हितसंबंध असल्याचे बोलले जाई. लाइपझिगच्या वैद्यक विद्याशाखेने हरकत घेतली आणि न्यूरेंबर्गमध्ये पॅरासेल्ससच्या पुढच्या लेखनाची छपाई अडली. तोही पाऱ्याचा आंधळा भक्त नव्हता. वैद्य मनाला येईल तितका पारा चोळतात, मात्रा पाहत नाहीत, यावर त्याचा राग होता.

भारतात हा रोग पोर्तुगीजांबरोबर आला आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हणून नोंदला गेला. ग्रंथकर्त्या भावमिश्राने त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, सांगितला. तो गव्हाच्या कणकेच्या गोळीत भरायचा, वरून लवंगेची पूड लावायची आणि दातांना न लागू देता गिळायचा. तोंड येणे ही इथे टाळायची गोष्ट होती. युरोपात तीच मिळवायची होती. त्याच ग्रंथात चोपचिनी ही औषधी मुळीही आहे. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही या मुळीची स्तुती केली.

वाद शतकानुशतके चिघळला, कारण उपदंशाची पहिली जखम आणि नंतरचे पुरळ औषधाशिवायही जातात. रोग आत दबा धरून राहतो आणि श्रेय पाऱ्याला मिळते. त्यात परमा आणि उपदंश हे एकाच विषाचे प्रकार मानले जात. परमा अनेकदा आपोआप ओसरतो, त्यामुळे तिथेही पारा जिंकल्यासारखा दिसे. पुढे हाडे किंवा मज्जासंस्था बिघडली, तर दोष रोगाचा की औषधाचा हे ठरवणेही कठीण होते. नेपोलियनविरोधी युद्धांनंतर ब्रिटिश लष्करी शल्यवैद्य टॉमस रोझ याने सैनिकांच्या जखमा पाऱ्याशिवाय भरून येतात हे 1817 मध्ये प्रसिद्ध केले. खळबळ झाली, पण बहुतेक डॉक्टर पाऱ्यालाच चिकटून राहिले.

खरी कसोटी नॉर्वेत लागली. ऑस्लोचे प्राध्यापक सेसार बेक यांना पारा निरुपयोगीच नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराला बाधक वाटे. 1891 ते 1910 या काळात त्यांनी सुमारे 2,000 रोग्यांना लक्षणे जाईपर्यंत रुग्णालयात ठेवले, पण पारा दिला नाही. पाऱ्याची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती. रोगाचा जंतू 1905 मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मेचनिकॉफ आणि रू या शास्त्रज्ञांनी दाखवले की संसर्गानंतर लगेच कॅलोमेल या पाऱ्याच्या क्षाराचे मलम चोळल्यास रोग रोखता येतो. त्यासाठी रोग टोचून घ्यायला तिथला एक वैद्यकीय विद्यार्थी स्वतःहून पुढे आला होता.

जर्मन शास्त्रज्ञ अर्लिख यांचे साल्व्हर्सान हे आर्सेनिकयुक्त औषध 1910 मध्ये आले आणि बेक यांनी आपला प्रयोग थांबवला. साल्व्हर्सानच्या जोडीला पारा आणखी काही वर्षे चालला, पुढे ती जागा बिस्मथने घेतली. 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर डॉक्टर जॉन महोनी यांनी चार रोग्यांवर पेनिसिलिन वापरले आणि हे सगळेच उपचार मागे पडले. बेक यांच्या रोग्यांचा सविस्तर हिशेब 1955 मध्ये लागला: जवळपास दोन तृतीयांश रोग्यांना उपचाराविना पुढे फारसा त्रास झाला नव्हता. तोवर गरमीवर पारा देणारे फारसे कुणी उरले नव्हते.